पावती दाखवून न्यावे

मावशीच्या लाँड्रीतून एकतीस वर्षांत एकही कपडा हरवला नव्हता. ही गोष्ट ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच. गिऱ्हाईक नसलं तर नवऱ्याला ऐकवायची, आणि तो बिचारा इस्त्रीवरची मान न उचलता, जणू पहिल्यांदाच कानावर येतंय अशा थाटात, "हो का?" म्हणायचा.

ती सगळ्या गल्लीची मावशी आणि तिचा नवरा सगळ्या गल्लीचा काका. मावशीचा नवरा काका कसा, असं कुणी कधी विचारलं नाही. कपडे वेळेवर आणि स्वच्छ मिळत असले की नात्याच्या चौकशा कोण करतो? धुणं मावशीकडे, इस्त्री काकांकडे आणि शेवटचा शब्द मावशीकडे, ही कामाची वाटणी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ठरली होती आणि ती बदलायची हिंमत काकांनी अजून केलेली नव्हती.

कपडे न हरवण्यामागे जादूबिदू नव्हती, पट्टी होती. बोटभर लांबीची, पांढरी, सुती. कपडा दुकानात आला की पाण्याला लागायच्या आधी मावशी ती पट्टी कॉलरच्या आतल्या बाजूला मशीनवर चार टाके मारून बसवायची आणि न जाणाऱ्या शाईने तिच्यावर नंबर घालायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांचा नंबर कायमचा, त्यामुळे पट्टीही कपड्यातच राहायची. नंबराच्या खाली छापलेलं असायचं, 'पावती दाखवून न्यावे'. ही छपाई म्हणजे काकांचं कर्तृत्व. फार वर्षांपूर्वी छापखानेवाल्याने "जास्त घेतलंत तर स्वस्तात पडेल" म्हटलं आणि काका रिक्षा भरून पट्टीची रिळं घेऊन आले. त्या दिवशी मावशी जे बोलली ते काकांना अजून तोंडपाठ होतं. पण रिळं संपायचं नाव घेत नव्हती.

हाताला इतकी सवय, की घरातल्या उशांच्या अभ्र्यांनाही नंबर होते. मावशीच्या निळ्या गरम कोटाचा नंबर एक, काकांच्या स्वेटरचा दोन. काकांनी एकदा म्हणून पाहिलं, "मलाही एक शिवून टाक. हरवलो तर कुणीतरी आणून तरी देईल."

"आणि तुमची पावती कुणाकडे आहे?" मावशीने विचारलं. मग दोघं चहा गार होईपर्यंत हसत बसली.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर वर डोंगराकडे भूकंप झाला. खाली शहरात फक्त दांडीवरचे हँगर एकमेकांवर आपटले आणि इस्त्रीच्या टेबलावरचा पाण्याचा फवारा खाली पडला. वर मात्र वस्त्याच्या वस्त्या जमिनीला मिळाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या विहाराचे भंते हातगाडी ढकलत लाँड्रीच्या दारात आले. गाडीवर गाठोड्यांचा डोंगर, आणि त्याच्या मागे भंतेंचं फक्त डोकं दिसत होतं.

"मावशी, लोकांनी भरभरून दिलंय. शनिवारी ट्रक जातोय. तुमची मदत हवी," भंते म्हणाले.

मावशीने पहिलं गाठोडं सोडलं. आत एका पायाची विजार, गुंडी नसलेले चार शर्ट, जुना पडदा आणि पोहण्याचा पोशाख निघाला. तिने तो पोशाख दोन बोटांनी उचलून धरला.

"भंते, तिकडे भूकंप झालाय की पूर आलाय?"

भंते ओशाळून हसले. "देणारा मनाने देतो, मावशी."

"मनाने देतो, पण आधी घरातला कचरा काढतो." मावशी पदर खोचून खाली बसली. "जे मी माझ्या अंगावर घालणार नाही ते माझ्या दुकानातून कुणाच्या अंगावर जाणार नाही. उरलेल्याची फडकी करा. आणि मळका कपडा द्यायचा नाही. ज्याचं घर पडलंय त्याला आपण आपला घाम हुंगायला लावायचा का?"

असा निवडानिवडीचा सपाटा सुरू झाला. पडदे, चिंध्या, एकेकटे मोजे बाजूला गेले आणि शहाण्णव चांगले गरम कोट उरले. चार दिवस लाँड्रीतली मशिनं थांबली नाहीत. मावशीने डाग काढले, गुंड्या लावल्या, फाटलेली अस्तरं शिवली. काकांनी प्रत्येक कोटाच्या खांद्याखाली उशी घेऊन अशी इस्त्री मारली, की लग्नाला निघालेल्या नवरदेवानेही मान खाली घालावी. नेहमीचं गिऱ्हाईक आलं तर त्याचंही काम त्यातच उरकत होतं.

"पावत्या कुणाच्या नावाने फाडू?" मावशीने मध्येच विचारलं होतं.

"कुणाच्याच नाही," भंते म्हणाले. "दान एकदा दिलं की देणाऱ्याने विसरून जायचं."

"बरं झालं, तेवढाच कागद वाचला," मावशी म्हणाली. पावत्या तिने फाडल्या नाहीत. पण कपडा आला की पाण्याला लागण्याआधी तिचे हात काय करायचे ते सांगायला नकोच. शहाण्णव कोट, शहाण्णव पट्ट्या, नंबर पाचशे एकपासून पुढे. तिला स्वतःला ते जाणवलंही नाही. चालताना आधी कुठला पाय टाकला हे कुणाला जाणवतं? काकांनी प्रत्येक कॉलर दाबताना ती पट्टी पाहिली, पण त्यांनी एकतीस वर्षं दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

शनिवारी ट्रक गेला. भंते दुसऱ्या खोऱ्यातल्या ट्रकबरोबर गेले होते. कोटांच्या ट्रकवाल्याने गाठोडी वरच्या वस्तीत उतरवली आणि दरड कोसळायच्या भीतीने आल्या पावली परतला. पाठोपाठ दरड आलीच, आणि रस्ता नऊ दिवस बंद पडला. मावशी मात्र समाधानात होती. रोज संध्याकाळी ती गार वारा सुटला की म्हणायची, "शहाण्णव माणसं तरी आता उबेत असतील." आणि काका म्हणायचे, "हो का?"

मंगळवारी समोरच्या कोपऱ्यावरचे घड्याळजी पावती घेऊन आले.

घड्याळजी म्हणजे अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे त्यांना जग मोठं दिसायचं आणि स्वतःचा आवाज लहान झाला होता. त्यांचा काळा लोकरी कोट होता, वडिलांचा. थंडीत ते दुसरं काही घालत नसत. नंबर एक्केचाळीस.

मावशी आत गेली. दांडीवर चाळीस होता, बेचाळीस होता. मधला हँगर नुसता लोंबत होता.

सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं. घड्याळजींचा कोट त्याच चार दिवसांत आला होता, त्याच दोरीवर वाळला होता, त्याच टेबलावर इस्त्री होऊन त्याच गाठोड्यात बांधला गेला होता. आणि पट्टी बघून तो वेगळा काढावा, तर पट्टी सगळ्यांनाच होती! दानाच्या कोटांना पट्टी नसती तर पट्टीवाला एकच कोट कसा नजरेत भरला असता. एकतीस वर्षं जिच्या भरवशावर काढली त्या पट्टीनेच घात केला होता.

"अजून वाळला नाही हो," मावशी बाहेर येऊन म्हणाली.

घड्याळजी गेल्यावर काका शांतपणे म्हणाले, "पंचशीलातलं चौथं शील आज गेलं. खोटं न बोलण्याचं."

"गप्प बसा."

"मी काय म्हणतो, सांगून टाक. माणूस भला आहे."

"भला आहे म्हणून त्याचा कोट हरवायचा?" मावशीचे डोळे भरून आले. "अहो, एकतीस वर्षं मी जगाला एकच गोष्ट सांगत आलेय. तीही खोटी पडली तर माझ्याजवळ राहिलं काय?"

काकांना यावर 'मी आहे की' असं म्हणायचं होतं. पण वेळ पाहून त्यांनी इस्त्रीच तापवली.

घड्याळजी बुधवारी आले, गुरुवारी आले. भांडण नाही, तक्रार नाही. अंगात पातळ स्वेटर, हात काखेत, बोटांत पावती. नुसते काउंटरशी उभे राहायचे आणि मावशीने मान हलवली की "असू दे, उद्या येतो" म्हणून जायचे. दोन शिव्या दिल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. शुक्रवारी तिने त्यांना खरं ते सांगून टाकलं आणि कोट परत आणून देईन असा शब्द दिला. घड्याळजींनी पावती घडी करून खिशात ठेवली. "वडिलांचा होता," एवढंच म्हणाले.

रस्ता उघडल्याचं कळताच मावशी विहारात गेली. "भंते, उद्याच्या ट्रकमधून मीही येते. मदतीला."

भंतेंना काकांकडून सगळं आधीच कळलेलं होतं. "या की," ते गंभीरपणे म्हणाले. "मदतीला माणसं कमीच पडताहेत."

साडेतीन तासांच्या रस्त्यात मावशी एकदाच बोलली. "भंते, भूकंपात सापडलेल्या माणसाच्या अंगावरचा कोट परत मागायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं आहे हो." भंते खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "आधी पोचू तर या." मावशीने मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. अर्धी विनवणीची होती, अर्धी माफीची. बदल्यात द्यायला तिने एक नवंकोरं ब्लँकेटही बरोबर घेतलं होतं.

वस्तीतलं एकही घर उभं नव्हतं. शाळेच्या पटांगणात तंबू होते आणि मधोमध मोठी चूल पेटली होती. वारा असा, की मावशीचे निळ्या कोटातही दात वाजले. चुलीभोवती माणसं बसली होती. कुणी गोणपाट पांघरलं होतं, कुणी सतरंजी, एका बाईने तर दोन पोती शिवून अंगरखा केला होता. पोरांच्या अंगावर सरकारी ब्लँकेटं होती. पण कोट? मावशीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. तिच्या हातून गेलेला एकही कोट कुणाच्या अंगावर नव्हता.

मावशीच्या डोक्यात एकदम आग झाली. विकले! शहाण्णव कोट, तिने रात्रीचा दिवस करून धुतलेले, आणि यांनी बाजारात नेऊन विकले? तिची जुळवलेली सगळी वाक्यं वाऱ्यावर गेली.

"कोट कुठे आहेत?" तिने मोठ्याने विचारलं.

चुलीपाशी बसलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग त्यातून एक म्हातारी उठली. काटकुळी, कमरेत वाकलेली, अंगाभोवती धान्याचं पोतं गुंडाळलेली. ती वस्तीची सुईण. निम्मी वस्ती तिच्याच हातावर जन्मलेली, म्हणून सगळ्यांची आजी आणि सगळ्यांवर तिचा वचक. तिने मावशीला आपादमस्तक न्याहाळलं आणि तिचा चेहरा फुलला.

"आलात का तुम्ही? तुमच्याच का त्या पट्ट्या? मी रोज वाट बघतेय, बाई. चला, आधी मोजून घ्या."

तिने मावशीचा हात धरून तिला पटांगणाच्या कडेच्या तंबूत नेलं. सगळ्यांत चांगला तंबू होता तो. खाली लाकडी फळ्या, वर दुहेरी ताडपत्री, आत एक थेंब ओल नाही. आणि आत माणूस एकही नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर कोट. काकांची घडी जशीच्या तशी. शिवाय नंबरवार लावलेले. पहिलाच एक्केचाळीस, पुढे पाचशे एक, पाचशे दोन, पाचशे तीन…

"सत्त्याण्णव," आजी म्हणाली. "एकही इकडचा तिकडे झालेला नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ मोजते. लोकरीला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवलाय बघा खाली."

मावशीने एक बाही हातात घेतली. "आजी, हे… हे घातले का नाहीत?"

"घालू कसे?" आजीलाच आश्चर्य वाटलं. "आत लिहिलंय की. पावती दाखवून न्यावे. सगळ्या वस्तीत विचारलं, पावती कुणाकडेच नाही. मग मला कळलं, कुणाचे तरी धुवायला टाकलेले कोट चुकून आमच्या ट्रकमध्ये आले."

"मी म्हटलं होतं घाला म्हणून," तंबूच्या दारातून एक गवंडी म्हणाला. त्याने सतरंजी पांघरली होती. "मी म्हटलं, पट्टी उसवून टाकू."

"तू गप्प रे! पट्टी उसवून चोरी झाकली जाते, मिटत नाही." आजी मावशीकडे वळली. "आम्ही पंचशील पाळणारी माणसं आहोत, बाई. जे कुणी दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. घर पडलं म्हणून काय शीलही पडू द्यायचं?"

मावशी दर पौर्णिमेला विहारात जाऊन हे दुसरं शील म्हणायची. भरभर म्हणायची, कारण चोरीशी तिचा काही संबंध नव्हता. आज ते शील पोतं पांघरून तिच्यासमोर उभं होतं.

"आणि तुम्ही सगळे बाहेर? येताना पाहिलं, तो शेजारचा तंबू तर गळतोय!"

"माणसांचं काय, माणसं वाळतात," आजी म्हणाली. मग तिने आवाज खाली केला. "खरं सांगू? मला एकच घोर लागला होता. आमचं घर पडलंय, आम्ही गारठलो तर नवल नाही. पण तिकडे ज्यांचे हे कोट, ते बिचारे काय घालत असतील? त्यांचं काही पडलेलं नाही आणि आमच्यापायी कुडकुडत बसले असतील. मी पत्रही लिहून घेतलं होतं, पण रस्ताच बंद."

मावशी तिथेच फळ्यांवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. इतके दिवस ती खाली बसून या माणसांच्या उबेचा आनंद घेत होती, आणि ही माणसं इथे थंडीत बसून तिच्या गिऱ्हाइकांची काळजी करत होती. तिने दिलं होतं म्हणे! धुतलं होतं, शिवलं होतं, इस्त्री केली होती, सगळं केलं होतं. फक्त द्यायचं राहून गेलं होतं.

"आजी, चूक माझी आहे," ती शेवटी म्हणाली. "हे तुमच्यासाठीच होते. सगळे. ती पट्टी माझ्या हातांची खोड आहे."

"म्हणजे पावती लागत नाही?"

"नाही लागत."

आजीने थोडा विचार केला. "मग असं लांबून सांगू नका. हातात द्या. दिल्याशिवाय घ्यायचं कसं?"

मावशीच्या गळ्यात टाके उसवायची छोटी कात्री दोरीने कायम अडकवलेली असायची. तिने ती काढली. पाचशे एक उतरवला, चार टाके कापले, पट्टी ओढून काढली आणि दारातल्या गवंड्याला हाक मारली. एकतीस वर्षं कपडे हाताळल्यामुळे माणसाचा खांदा बघून तिला माप कळायचं. तिने कोट दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या दादा. हा तुमचा." गवंड्याने कोट अंगात चढवला, गुंड्या लावल्या आणि लहान मुलासारखा दोन्ही खिशांत हात घालून उभा राहिला.

दुपारपर्यंत हेच चाललं होतं. चार टाके, एक माणूस. कुणाला बाही लांब झाली तर मावशी तिथल्या तिथे दुमडून द्यायची. कुणी पाया पडायला वाकलं की "माझ्या नाही, माझ्या नाही" म्हणत ती मागे सरायची. तिच्या मांडीवर पट्ट्यांचा ढीग साठत गेला. भंते कोट उतरवून देत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते, याबद्दल मावशी त्यांना जन्मभर दुवा देणार होती.

शेवटी दोरीवर एकच कोट राहिला, आणि तंबूत कोटाशिवाय एकच माणूस राहिलं. कोट एक्केचाळीस नंबरचा. माणूस म्हणजे आजी. ती सगळ्यांना पुढे ढकलत स्वतः मागे राहिली होती.

सगळ्यांच्या नजरा त्या काळ्या कोटावर गेल्या. मावशीचाही हात गेला. लोकर जाड, अस्तर शाबूत, आजीला घोट्यापर्यंत आला असता. घड्याळजी माणूस भला, त्यांना सांगितलं असतं तर नाही म्हणाले नसते. कात्री टाक्यापाशी पोचलीसुद्धा.

आणि तिथे थांबली. घड्याळजी नाही म्हणाले नसते, पण हो कुठे म्हणाले होते?

"हा मला देता येत नाही, आजी," मावशी म्हणाली. "हा खरंच एकाचा आहे. त्याच्याकडे पावती आहे."

"बघ!" आजी विजयाने गवंड्याकडे वळली. "मी म्हटलं नव्हतं? पट्टी उगाच नसते." मग ती मावशीला म्हणाली, "माझं काय एवढं, चूल आहे. तुम्ही तो नीट घेऊन जा. तो माणूस गारठला असेल."

मावशीने स्वतःचा निळा कोट उतरवला.

आजीने तो घेतला नाही. आधी कॉलर उलटी करून आत बघितलं. "ही काय, इथेही आहे की. नंबर एक."

"माझीच आहे ती. माझाच कोट आहे."

"मग तुम्हाला?"

मावशीने कात्री शोधली. कोट उतरवताना ती पट्ट्यांच्या ढिगात कुठेतरी पडली होती. तिने वाट बघितली नाही. कॉलर तोंडात धरून दातांनी टाके तोडले, पट्टी थुंकली आणि कोट आजीच्या अंगावर घातला. गुंड्या लावताना तिच्या लक्षात आलं, की शहाण्णव कोट दुसऱ्यांनी दिलेले होते आणि हा एकच तिने दिला होता.

परतीच्या वाटेवर ट्रकची खिडकी नीट लागत नव्हती. नवं ब्लँकेट मावशीने एका बाळंतिणीला देऊन टाकलं होतं. घड्याळजींचा कोट घडी घालून मांडीवर ठेवलेला, आणि मावशी साडीचा पदर अंगाभोवती लपेटून थडथड उडत बसली होती.

"मावशी, तोवर तो अंगावर तरी घ्या," भंते म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"आजीला कळेल," मावशी म्हणाली.

भंते हसले आणि त्यांनी आपली शाल तिच्यापुढे धरली. "ही घ्या. ही मी देतोय."

मावशीने ती दोन्ही हातांनी घेतली.

दिवे लागायच्या सुमाराला ट्रक गल्लीत शिरला तेव्हा लाँड्रीच्या काउंटरशी घड्याळजी उभे होतेच. मावशीने त्यांच्यापुढे कोट ठेवला. त्यांनी पावती दिली, कोट हातात घेतला आणि घड्याळांच्या चाकांतला केस शोधणारी त्यांची नजर एका जागी थांबली. इस्त्रीची घडी जराही मोडलेली नव्हती. त्यांनी मावशीच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे बघितलं, परत घडीकडे बघितलं आणि कोट घेऊन गेले.

"कोट कुठेय तुझा?" काकांनी विचारलं.

"दिला."

"पावती घेतलीस?"

मावशी हसायला गेली आणि तिला रडू आलं. काकांनी टेबलावर ब्लँकेट पसरलं, त्यावरून तापलेली इस्त्री चारदा फिरवली आणि तसंच गरम गरम तिच्या खांद्यावर टाकलं. मग ते शेजारी बसले आणि तिने सगळं सांगितलं, पहिल्या पट्टीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत. या खेपेला काका एकदाही "हो का?" म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार उघडलं, तर घड्याळजी बाहेर उभे. अंगात पातळ स्वेटर, आणि हातावर काळा कोट.

"डाग राहिला का काही?" मावशीने घाबरून विचारलं.

"नाही. रात्री काका आले होते आमच्याकडे, सगळं सांगून गेले." घड्याळजींनी कोट काउंटरवर ठेवला. "खालच्या खोऱ्यात अजून कोट लागताहेत असं भंते म्हणाले. तेवढी पट्टी काढून द्या."

मावशीने काकांकडे बघितलं. काका घाईघाईने इस्त्रीचं बटण शोधू लागले.

"अहो, वडिलांचा आहे ना तो? आणि तुम्ही काय घालणार?"

"काल तुम्ही काय घातलं होतंत?" घड्याळजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

मावशीने गळ्यातली कात्री हातात घेतली. कॉलर उलटी केली. नंबर एक्केचाळीस, पावती दाखवून न्यावे. मग तिने कात्री फिरवली आणि घड्याळजींच्या हातात दिली.

"ही तुम्हीच काढा," ती म्हणाली. "माझ्या हाताने निघत नाही ती."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि ते पहिल्या टाक्यावर वाकले. काकांनी इस्त्री तापत ठेवली.